मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीच्या प्रतिकृतीत टँगचा स्क्रू सरळ कसा उतरवू?

नमस्कार मंडळी. ठाण्यात घरीच ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती करतोय, शाळेच्या प्रदर्शनासाठी. नळी म्हणजे भरीव लोखंडी गज, त्यामुळे उडायचा प्रश्नच नाही. दस्ता सागवानी.

गजाच्या बुडाला जोडलेला टँग, म्हणजे शेपटीसारखी पट्टी, 70 मिमी लांब आणि 3 मिमी जाड आहे. त्याला काजळी फासून, लाकडावरचा ठसा बघत पटाशीने खाच उतरवली. ठसा सगळीकडे सारखा उठला तेव्हा फार बरं वाटलं. पण परवा नळीचं तोंड भिंतीवर आपटलं आणि टँगच्या टोकामागे केसाएवढी चीर गेली. टोक लाकडाला टेकलेलं होतं, तीच चूक. धक्का नळीच्या बुडाने झेलायचा असतो, टँगने नाही. चीर इपॉक्सीने भरली, धरलीय.

टँग धरायला लाकडात पिळलेला साधा स्क्रू आठवड्यात सैल झाला. म्हणून आता 5 मिमीचा मशीन स्क्रू वरून आरपार घालून खालच्या चापाच्या पट्टीत आटे पाडायचेत. तिथे दस्ता 38 मिमी जाड आहे. माझ्याकडे फक्त हातातलं ड्रिल आहे, स्टँड नाही.

भोक वरून एका दमात पाडू, की दोन्हीकडून अर्धं अर्धं? आणि टोकामागे फट किती ठेवू?