मालवाहू वैमानिकाची झोप

मालवाहू विमानात प्रवासी नसल्यामुळे तिथल्या वैमानिकांवर ताण कमी असतो, असे एकांनी लिहिले आहे. ते मला पटत नाही. माझा पुतण्या धुळ्याला विमानचालन शिकला आणि आज एका छोट्या मालवाहू कंपनीत सहवैमानिक आहे. पार्सले रात्रीच हलतात, म्हणून त्याची कामगिरीही रात्रीचीच. सुट्टीत जळगावला आला की भर एप्रिलच्या दुपारी, कूलर लावून आणि खिडकीवर गोधडी टांगून तो झोपायला बघतो, आणि तासाभरात उठून बसतो. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराची सावधानता सर्वांत कमी असते, आणि त्याला विमान उतरवायचे असते ते नेमके तेव्हाच.

अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळच्या अपघातात ५० जण दगावल्यावर वैमानिकांच्या विश्रांतीचा प्रश्न ऐरणीवर आला व नवे नियम झाले. मात्र लाभापेक्षा खर्च जास्त, या हिशेबाने मालवाहू कंपन्यांना त्यांतून वगळण्यात आले. ऑगस्ट २०१३ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅमला यूपीएस या पार्सल कंपनीचे मालवाहू विमान पहाटे उतरताना कोसळून दोन्ही वैमानिक गेले आणि तपासात थकव्याचाही उल्लेख आला.

छोट्या कंपनीत राखीव वैमानिक मोजकेच असतात, त्यामुळे एक जण आजारी पडला की दुसऱ्याची सुट्टी जाते. पुतण्याने गेल्या दिवाळीत फराळाचे ताट अर्धे टाकून बॅग उचलली, तेव्हा वहिनी दारात नुसत्या उभ्या राहिल्या होत्या.