मदत हवी आहे: एकाच मोठ्या ग्राहकाकडे बिलं अडकली आहेत, तक्रार करावी का? (कुपवाड, सांगली)

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत माझं लहान मशिन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, वडिलांच्या काळातलं एक रेडियल ड्रिल आणि नऊ माणसं. ट्रॅक्टरचे हब आणि ब्रॅकेट यांचं जॉबवर्क करतो. कास्टिंग (ओतीव नग) ग्राहकाकडून येतं, आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिल-टॅप करून परत पाठवतो. काम भरपूर आहे, मशिनं दोन पाळ्यांत चालतात. तरीही दर महिन्याला पगाराची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, कारण केलेल्या कामाचे पैसे वेळेवर येत नाहीत.

धंद्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एकाच कंपनीवर आहे. नाव लिहीत नाही. त्यांच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ९० दिवसांची उधारी छापलेली असते, पण पैसे हातात यायला चार-साडेचार महिने जातात. बिल काढलं की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला माझ्या खिशातून जातो, मग ते बिल सुटो न सुटो. इन्सर्टवाला (कटिंगच्या टिपा विकणारा) रोखीत मागतो, विजेचं बिल कुणासाठी थांबत नाही. सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट खातं) आहे, पण ९० दिवसांपुढची येणी बँक ड्रॉइंग पॉवरला, म्हणजे उचलीच्या मर्यादेला, धरत नाही. म्हणजे तिकडे ग्राहकाने उशीर केला की इकडे माझी उचल आपोआप घटते. नेमकी गरज असते तेव्हाच.

दुसरं दुखणं रिजेक्शनचं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त लागतं. हबचा बोअर आम्ही आधी रफ करतो, मग फिनिश कट घेतो. शेवटच्या कटला अर्धा मिलिमीटर मटेरियल निघतं आणि आत मुगाएवढा ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली पोकळी) उघडा पडतो. वरून ते कास्टिंग स्वच्छ दिसत असतं, कुणालाही कळणार नाही. तोवर दोन सेटिंगचं काम झालेलं असतं. हा दोष ओतकामाचा, म्हणून आम्ही तो नग सीआरच्या (कास्टिंग रिजेक्शनच्या) लाल क्रेटमध्ये टाकतो, खडूने खूण करतो, फोटो काढतो. तिकडे गेल्यावर त्यातले बरेच नग एमआरमध्ये (मशिनिंग रिजेक्शन, म्हणजे आमची चूक) दाखवले जातात. मशिनिंगची मजुरी तर बुडतेच, वर कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट (तेवढी रक्कम आमच्याकडून कापत असल्याचा कागद) येते. तीही माल पोचल्यावर दोन-अडीच महिन्यांनी, बिल सुटायच्या आठवड्यात.

आणखी एक गोष्ट बघितली आहे. मार्चअखेरीला अडकलेली बरीच बिलं एकदम सुटतात आणि एप्रिलपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत असा कायदा आहे, हे ऐकून आहे. माझी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, सूक्ष्म गटात. पण पीओवर ९० दिवस लिहिलेले असताना तो कायदा मला लागू होतो का? थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर कुणी तक्रार केली आहे का, आणि केल्यावर त्या ग्राहकाचं काम टिकलं का? ज्यांनी हे सोसलं आहे त्यांनी कृपया लिहा. माझ्याकडचे दोन टर्नर वडिलांपासून आहेत. २०१९ च्या पुरात एकाचं सांगलीवाडीतलं घर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर घरातला गाळ काढून तो माणूस कामावर हजर झाला होता. त्याचा पगार लांबवायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच वाटतं.

– कुपवाडकर

*

हिशेबनीस_सातारा:

दादा, मी करसल्लागार आहे. साताऱ्यात एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचीच कामं जास्त असतात, त्यामुळे हे रोज बघते.

पीओवर काहीही छापलेलं असो, २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. तुमचे ९० दिवस कायद्यापुढे टिकत नाहीत. जॉबवर्क ही सेवा आहे, तीही यात येते. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना या तरतुदीचा लाभ नाही, पण तुमचा तो प्रश्न नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

मार्चमध्ये बिलं का सुटतात? आयकरातलं कलम ४३बी(एच). आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म-लघु पुरवठादाराची मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चला देणं बाकी असेल, तर त्या वर्षी कंपनीला तो खर्च वजा मिळत नाही, कर वाढतो. म्हणून मार्चमध्ये त्यांचे लेखापरीक्षक मागे लागतात. यावरून एवढं नक्की दिसतं की कंपनीकडे पैसे आहेत आणि तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात याची नोंदही त्यांच्याकडे आहे.

आता डेबिट नोट. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं कायदा मानतो. अडीच महिन्यांनी आलेली डेबिट नोट तुम्ही गुपचूप हिशेबात धरू नका. आली त्याच दिवशी ईमेलने लिहा: अमुक चलन (मालासोबत जाणारा कागद), अमुक तारखेला पोचलं, १५ दिवसांत हरकत नाही, डेबिट नोट मान्य नाही. सोबत सीआरचे फोटो जोडा. त्यासाठी चलनाच्या परतीच्या प्रतीवर त्यांच्या गेटचा शिक्का आणि तारीख प्रत्येक वेळी घेतलीच पाहिजे. ड्रायव्हरला हे बजावून ठेवा. सगळी केस त्या शिक्क्यावर उभी राहते.

*

मिरजेचा_शेडवाला:

ताईंनी कायदा सांगितला, मी धंद्यातलं सांगतो. मी समाधानवर अर्ज केला होता, पण त्या पार्टीचं काम बंद झाल्यावर. प्रकरण विभागीय सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, गेलं, आधी समेटाची बोलणी, मग सुनावणी. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, लागतात त्याहून जास्त. पण पैसे आले. निकाल लागल्यावर पार्टीला कोर्टात जायचं असेल तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात, तिथे बहुतेकजण नमतात.

काम चालू असताना मात्र मी तो रस्ता धरणार नाही. कुणी तोंडावर काम बंद करत नाही. आधी नवीन पार्ट दुसरीकडे जातात, मग शेड्यूल कमी होतं, मग पीपीसीवाला (उत्पादनाचं नियोजन बघणारा) फोन उचलत नाही. दोन तृतीयांश काम एकाकडे असताना हे परवडणार नाही. आधी एक मशिन तरी दुसऱ्या ग्राहकासाठी मोकळं करा, दर थोडा कमी मिळाला तरी चालेल.

आणि तक्रारीचा विचारसुद्धा करायच्या आधी त्यांच्या कास्टिंगचा हिशेब जुळवून सही घ्या. किती आली, किती गेली, सीआर किती, शेडमध्ये किती पडून आहेत. जॉबवर्कला आलेला माल एका वर्षात परत गेला नाही तर जीएसटीत तो विक्री धरला जातो. भांडण सुरू झालं की पहिला आरोप यावरूनच होतो: आमचा माल तुमच्याकडे अडकलाय.

*

कुपवाडकर:

दोघांचेही मनापासून आभार. चलनावर शिक्का असतो, पण तारीख कधी असते, कधी नसते. उद्यापासून तारखेशिवाय गाडी हलणार नाही. काका, कास्टिंगचा हिशेब आजच काढायला घेतला.

ताई, तक्रार न करता आणि संबंध न बिघडवता काही करता येईल का? पर्चेसवाल्याला सांगून उपयोग नाही, तो म्हणतो अकाउंट्सला विचारा. अकाउंट्सवाले म्हणतात, फंड आला की सोडतो.

*

हिशेबनीस_सातारा:

येईल. पर्चेसला नको, कंपनी सेक्रेटरी किंवा फायनान्स हेडला पत्र द्या. भाषा अगदी नरम ठेवा. त्यात व्याजाची मागणी नको, धमकी नको. उद्यम प्रमाणपत्राची प्रत, ४५ दिवसांपुढच्या बिलांची तारीखवार यादी आणि 'कृपया शिल्लक कळवावी' एवढी विनंती. कारण सूक्ष्म-लघु पुरवठादारांची ४५ दिवसांपुढची देणी कंपनीला दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ फॉर्ममध्ये सरकारला कळवावी लागतात, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत. तुमची यादी लेखी पोचली की त्यांना ती दडवता येत नाही. पत्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोचेल असं बघा. माझ्या दोन-तीन अशिलांची बिलं एवढ्यावरच रांगेत पुढे आली आहेत. यापुढे प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा.

शिवाय बिलापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना घेतलेलं इनपुट क्रेडिट (तुमच्या बिलातल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं. जी बिलं पाच महिन्यांपुढे गेली आहेत त्यांची वेगळी यादी करून त्यांच्याकडे जीएसटी बघणाऱ्या माणसाला पाठवा. तो स्वतःहून अकाउंट्सच्या मागे लागेल.

*

मिरजेचा_शेडवाला:

अजून एक. त्यांची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर त्यांना ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी करावीच लागते. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट यांपैकी कुठे आहेत ते विचारा. त्यांनी तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका बोली लावतात, थोडं व्याज कापून पैसे लगेच खात्यात येतात आणि पुढे कंपनीने बुडवलं तरी बँक तुमच्याकडे मागत नाही. त्यांना त्यांची उधारी मिळते, तुमचा पगार होतो. अडचण एकच, बिल मान्य करणं त्यांच्या हातात आहे. म्हणून हे ताईंच्या त्याच पत्रात शेवटी एका ओळीत विचारा.

*

कुपवाडकर:

पत्राचा मसुदा रात्री बसून करतो. ताई, नावं काढून इथे टाकला तर एकदा नजर घालाल का? आणि काका, मिरजेत तुमच्याकडे कधी आलो तर चालेल? त्या परिषदेपुढे कोणते कागद लागले ते एकदा बघायचं आहे. लगेच तक्रार करणार नाही, पण फाइल तयार ठेवावी म्हणतो.

*

मिरजेचा_शेडवाला:

रविवारी सकाळी या, शेड बंद असते, निवांत बोलता येईल. चलनांच्या फायली सोबत आणा.