१९६९ च्या कॅमरोचं इंजिन ओरिजिनल आहे का, फोटोवरून कसं ओळखायचं?

विश्रामबाग_मेकॅनिकल (सांगली)

नमस्कार मंडळी. वालचंदला मेकॅनिकल केलंय, सध्या कुपवाड एमआयडीसीत आहे. माझा मामेभाऊ मिशिगनमध्ये असतो, त्याला लहानपणापासून अमेरिकन मसल कारचं वेड आणि आता एकदाचं जमतंय म्हणून १९६९ ची शेवरोले कॅमरो झेड/२८ (कॅमरोतली रेसिंगसाठी काढलेली खास आवृत्ती) बघून ठेवलीय. विकणारा म्हणतोय इंजिन कारखान्यातून गाडीबरोबर आलेलंच आहे, सगळे नंबर मॅच होतात, आणि त्या एका गोष्टीवर किंमत कितीतरी वर नेऊन ठेवलीय. दादानं मला रात्री फोटो पाठवले, म्हणाला तू इंजिनवाला, बघून सांग. आता मी डिझेल जनसेट कोळून प्यायलोय पण हे अमेरिकन नंबर कधी वाचलेले नाहीत.

फोटोत जे दिसतं ते लिहितो. व्हीआयएनची (म्हणजे तिकडचा चेसिस नंबर) सुरुवात १२४३७९एन अशी. इंजिनच्या पुढच्या बाजूला हेडच्या समोर एक छोटी सपाट जागा आहे, तिथं व्ही०३१२डीझेड असं मारलंय आणि त्याच्या शेजारी १९एन आणि पुढं सहा आकडे, ते सहाही व्हीआयएनच्या शेवटच्या आकड्यांशी जुळतात. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) टॅगवर ०३सी आहे. मला तर सगळं बरोबर वाटतंय, पण एवढे पैसे घालायचे म्हणजे कुणीतरी जाणकारानं बघितलेलं बरं. काय काय तपासायला सांगू?

अजिंक्यतारा_गॅरेज (सातारा)

भावा आधी तुझे नंबर फोडून सांगतो म्हणजे पुढचं बोलता येईल.

१२४३७ म्हणजे कॅमरो, व्ही८, दोन दारी कूपे. सहा सिलिंडर असती तर १२३ नं सुरू झाला असता. पुढचा ९ म्हणजे १९६९ मॉडेल आणि एन म्हणजे ओहायोमधला नॉरवुड कारखाना. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसची असती तर तिथं एल असता. आता महत्त्वाचं, या व्हीआयएनमध्ये झेड/२८ कुठंच लिहिलेलं नसतं. साधी ३०७ क्युबिक इंच इंजिनवाली कॅमरो आणि झेड/२८, दोघींचा नंबर १२४३७९ नंच सुरू होतो, त्यामुळं नुसत्या व्हीआयएनवर कुणी झेड/२८ म्हणून विकत असेल तर ऐकायचंच नाही.

इंजिनवरचा व्ही म्हणजे फ्लिंट, मिशिगनचा इंजिन कारखाना. ०३१२ म्हणजे १२ मार्च, त्या दिवशी इंजिन जोडलं. डीझेड हा १९६९ च्या झेड/२८ मधल्या ३०२ क्युबिक इंच इंजिनाचा कोड. ट्रान्स-अ‍ॅम रेसिंगला ३०५ क्युबिक इंचाची मर्यादा होती म्हणून शेवरोलेनं हे ३०२ काढलं, ४ इंच बोअर आणि ३ इंच स्ट्रोक. शेजारचा १९एन वाला नंबर म्हणजे अर्धा व्हीआयएन, १ म्हणजे शेवरोले, ९ वर्ष, एन कारखाना, मग गाडीचा क्रमांक. १९६८ पासून हा इंजिनवर मारायला लागले. त्याआधीच्या बऱ्याच शेवरोले गाड्यांच्या इंजिनवर व्हीआयएन सापडतच नाही आणि त्यात संशय घेण्यासारखं काही नसतं.

टॅगवरचं ०३सी म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा, गाडी तेव्हा बनली. त्याच टॅगवर एक्स३३ किंवा एक्स७७ आहे का बघायला सांग, नॉरवुडच्या त्या काळातल्या गाडीवर हे दोनच कोड झेड/२८ चे.

अजून एक गोष्ट तिकडच्या खरेदीत डोक्यात ठेवायची. आपल्याकडं आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, इंजिन बदललं की आरटीओत जाऊन नोंद करावी लागते. आमच्या भागात कितीतरी जुन्या जीपांचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलंय, पण कागद बघितला की कळतं. तिकडच्या टायटलवर फक्त व्हीआयएन असतो, इंजिन नंबर नसतोच. म्हणजे मधल्या पन्नासेक वर्षांत किती इंजिनं बदलली हे कागद सांगणार नाही, लोखंडालाच विचारायला लागतं.

फाउंड्रीवाला_पलूस

सातारकरांनी छान सांगितलंय, पण हे सगळे मारलेले नंबर झाले. हातोडी आणि पंच घेऊन ते कुणालाही मारता येतात. मी आयुष्य फाउंड्रीत काढलं, किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला विचाराल तर तो आधी ओतीव अक्षरं बघणार, कारण ती साच्यातूनच उठलेली असतात, लोखंडाच्या अंगावर फुगीर असतात आणि मागाहून घालायची म्हटली तर सोपं काम नाही.

शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकला (लहान आकाराचे व्ही८, ३०२ आणि ३५० दोन्ही त्यातलेच) मागच्या बाजूला, जिथं गिअरबॉक्सची बेल हाउसिंग बसते त्या फ्लँजवर वरच्या अंगाला बघायचं. डाव्या बाजूला सात आकडी कास्टिंग नंबर असतो आणि उजव्या बाजूला ओतकामाची तारीख. (तिकडं पॅसेंजर साईड म्हणतात ती उजवी, स्टिअरिंग डावीकडं असल्यामुळं. आपल्या सवयीनं उलटं शोधत बसू नका.) तारीख अशी वाचायची, पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी तिथपासून एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा.

कास्टिंग नंबरला लोक उगाच फार धरून बसतात. तो आपल्याकडच्या पॅटर्न नंबरसारखाच, त्या पॅटर्नवर लाखो ब्लॉक निघतात, त्यामुळं नंबर बरोबर आला म्हणजे हाच ब्लॉक या गाडीचा असं होत नाही. चुकीचा आला तर मात्र विषय तिथंच संपतो. खरी गंमत तारखांच्या क्रमात आहे. आधी ब्लॉक ओतला, मग मशीनिंग होऊन इंजिन जुळलं, मग ते गाडीत बसलं. या तिन्ही तारखा याच क्रमानं आल्या पाहिजेत, आणि मधे साधारण काही दिवस ते काही आठवडे. तुमच्याकडं दुसरी आणि तिसरी आहे, १२ मार्च आणि मार्चचा तिसरा आठवडा, छान जुळतात. पहिली कुठाय? दादाला म्हणावं हातात छोटा आरसा आणि टॉर्च घे, एअर क्लीनर बाजूला काढ, डिस्ट्रिब्युटरच्या मागं वाकून फोटो काढ. मग बोलू.

विश्रामबाग_मेकॅनिकल (सांगली)

काका दादा काल परत जाऊन आला. मागं ग्रीस आणि रंगाचा थर होता तो थिनर आणि ब्रशनं साफ केला. डावीकडं ३९७००१०, उजवीकडं सी २८ ९. दोन-तीन वेगवेगळ्या कोनातून फोटो आहेत, आठ आहे हे नक्की, तीन नाही. टॅगवर एक्स३३ आहे.

मालकाला विचारलं तर म्हणाला इंजिन पूर्ण रिबिल्ट आहे, बोअर केलाय, ब्लॉकचं फेसिंग (हेड बसतो तो वरचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं) पण करून घेतलंय, सगळं नव्यासारखं. पॅडवरचे, म्हणजे पुढच्या त्या सपाट जागेवरचे, आकडे तर असे स्वच्छ दिसतात की कालच मारलेत.

फाउंड्रीवाला_पलूस

२८ मार्चला ओतलेल्या ब्लॉकचं इंजिन १२ मार्चला कसं जुळेल? हा ब्लॉक या गाडीचा नाही. गाडी तिसऱ्या आठवड्यात तयार होऊन कारखान्याबाहेर पडली तेव्हा हा अजून वितळलेलं लोखंड होता.

आणि तो ९ म्हणजे १९६९ च असं तरी कशावरून? ३९७००१० हा शेवरोलेच्या सगळ्यात जास्त निघालेल्या ब्लॉकांपैकी एक, १९६९ पासून पुढं जवळपास दहा वर्षं ३५० इंजिनात, कारमध्ये आणि पिकअप ट्रकमध्ये सर्रास वापरलाय. वर्षाचा एकच आकडा असल्यामुळं हा १९७९ च्या मार्चमधला पण असू शकतो. कुणीतरी स्वस्तातला ट्रकचा ब्लॉक घेतला, टॅगवरची तारीख बघितली, तिच्या आठवडाभर आधीची तारीख हिशोबानं निवडली आणि मारली. पुढचं सगळं व्यवस्थित जमवलं, मागं वाकून बघणारा कुणी येईल हे धरलं नाही. असली कामं बघितली की मला मनापासून राग येतो, कारण पैसे भरणारा माणूस बहुतेक वेळा प्रेमानं घेत असतो.

मिरज_बोअरिंग_होनिंग

मी पॅडबद्दल बोलतो, कारण ब्लॉक फेसिंग आमचं रोजचं काम आहे. मालक स्वतःच म्हणतोय की फेसिंग केलंय, आणि नंबर कालच मारल्यासारखे दिसतात. फेसिंग झालं, नंबर कारखान्यातलेच आणि तरी एवढे ताजे, हे सगळं एकत्र खरं असूच शकत नाही. शेवरोलेच्या व्ही८ मध्ये ते नंबरचं पॅड आणि हेड बसतं तो डेक, दोन्ही एकाच पातळीत असतात, कारखान्यात एकाच दमात मशीन झालेले. मशीनवाल्यानं पॅड मुद्दाम वाचवलं नाही तर डेकवरून कटर फिरला की नंबर गेलाच. चांगले लोक नंबर राखून काम करतात, पण मग पॅड जुनंच दिसणार, चकचकीत नाही.

कारखान्यात हे पृष्ठभाग ब्रोचिंगनं, म्हणजे दातेरी हत्यार ओढून, करायचे. ब्रोच एका सरळ रेषेत ओढत जातो त्यामुळं पॅडवर पुढून मागं, क्रँकच्या दिशेनं, बारीक समांतर रेघा राहतात आणि नंबर त्या रेघांवर उठलेला दिसतो. फेसिंगच्या गोल कटरनं केलं तर कमानीसारखे चट्टे येतात, सँडरनं घासलं तर आडवेतिडवे ओरखडे. नकली काम करणारे आता रेघा पण ओढून देतात, तरी भिंगातून बघितलं की रेघ आकड्याच्या खळग्यात उतरलेली सापडते, म्हणजे रेघ नंतर ओढली. कारखान्यात आधी ब्रोच आणि मग पंच, उलटं नाही.

दुसरं म्हणजे इंजिनचा कोड फ्लिंटमध्ये मारला जायचा आणि व्हीआयएनचा नंबर नॉरवुडला, गाडी जुळताना. दोन गावं, दोन माणसं, दोन वेगळे पंच. त्यामुळं दोन ओळींचा अक्षराचा आकार, खोली, रांग यात फरक पडायलाच पाहिजे. दोन्ही ओळी एका हाताच्या दिसत असतील तर तिथंच थांबायचं. १९६९ च्या बऱ्याच कॅमरोत तर व्हीआयएनचा नंबर पॅडवर नसून खाली ऑइल फिल्टरजवळच्या खडबडीत जागेवर असतो, तिथंही बघायला सांग.

पॅड साफ करताना सँडपेपर अजिबात नको, ब्रेक क्लीनर आणि कापड पुरे. मग आरटीओसाठी चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतो ना, तशीच कागद ठेवून घ्यायची. फोटोत न दिसणारे जुने पुसट आकडे त्यात उमटतात.

कराडचा_पोरगा

सगळं पटलं पण एक विचारू का, गाडी चालवायची आहे ना? ३५० चं इंजिन असलं म्हणून काय बिघडलं, उलट रोज चालवायला बरं. आणि इंजिन बदललेलं म्हणजे लबाडीच असंही नाही ना, वॉरंटीत बदलून मिळालेली पण असतील.

अजिंक्यतारा_गॅरेज (सातारा)

असतात, आणि ती ओळखूही येतात. वॉरंटीत बदलून दिलेल्या शेवरोले इंजिनवर सीई नं सुरू होणारा नंबर असायचा, त्यात गाडीचा व्हीआयएन नसतो. तसं इंजिन असलेली गाडी कुणी तसं सांगून विकली तर मी आनंदानं घेईन. इथं प्रश्न चालवण्याचा नाही, दुसऱ्या ब्लॉकवर या गाडीचा नंबर मारून ओरिजिनलचे पैसे मागण्याचा आहे. मूळ इंजिनवाली झेड/२८ आणि बदललेल्या इंजिनाची यांच्या किमतीत मोठं अंतर असतं, त्या अंतरासाठीच हे उद्योग चालतात.

दादाचा जीव कॅमरोवरच अडकला नसेल तर सांगतो, क्रायस्लर आणि फोर्डच्या गाड्यांत पडताळणी जरा सोपी जाते. डॉज-प्लिमथच्या व्हीआयएनमध्ये पाचवं अक्षरच इंजिनचं असतं, १९७० साली आर म्हणजे ४२६ हेमी, व्ही म्हणजे तीन कार्ब्युरेटरवालं ४४०. फोर्डमध्येही पाचवंच, १९६९ च्या मस्टँगला आर म्हणजे ४२८ कोब्रा जेट रॅम एअरवालं, झेड म्हणजे बॉस ४२९. शिवाय १९६७ पासूनच्या फोर्डचा कारखान्यातला डेटा असल्यामुळं मार्टी रिपोर्ट (गाडी कारखान्यातून कशी निघाली ते सांगणारा कागद) मागवता येतो, पाँटिअ‍ॅकची कागदपत्रं पीएचएसकडं (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) मिळतात. फोर्डच्या ओतकामाची तारीख मात्र उलटी, आधी वर्ष मग महिना मग दिवस, आणि महिन्यांत आय हे अक्षर गाळलेलं, म्हणजे सप्टेंबरला जे.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवरोलेला असा कारखान्याचा कागद बहुतेक मिळत नाही. पहिल्या मालकानं जपलेली बिल्ड शीट किंवा वॉरंटी पुस्तिकेतली ती छोटी धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट असली तर नशीब, आणि त्यांच्याही नकला होतात.

विश्रामबाग_मेकॅनिकल (सांगली)

मंडळी मनापासून आभार. सगळे मुद्दे दादाला फोनवर वाचून दाखवले, तो बराच वेळ गप्पच होता, गाडीत जीव गुंतलाय त्याचा. त्यानं मालकाला कास्टिंगच्या तारखेचं सांगितलं तर मालक म्हणे मी पण असंच समजून घेतली होती. आता तो किंमत खाली आणायला तयार आहे. बॉडी सरळ आहे, एक्स३३ टॅग आहे, गंज कमी. दादा विचारतोय इंजिन नसलं तरी गाडी स्वतः खरी झेड/२८ आहे का हे कसं बघू, टॅगसुद्धा बदलता येतो ना?

अजिंक्यतारा_गॅरेज (सातारा)

येतो, म्हणून टॅगचे रिव्हेट बघायचे, आणि छुपे व्हीआयएन शोधायचे. १९६९ कॅमरोत एक विंडशील्डच्या खालच्या जाळीच्या पत्र्याखाली काउलवर असतो आणि दुसरा हीटर बॉक्सच्या मागं फायरवॉलवर. हे दोन्ही डॅशवरच्या नंबरशी जुळले पाहिजेत. जाळी निघते, हीटर बॉक्स काढायला मालकाची परवानगी लागेल.

मग गिअरबॉक्स. झेड/२८ फक्त चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये यायची, मन्सी बॉक्स. त्याच्या केसिंगवर अर्धा व्हीआयएन आणि पी ९ सी १० बी अशा धर्तीचा कोड असतो, पी म्हणजे मन्सीचा कारखाना, ९ वर्ष, सी मार्च, १० तारीख, शेवटचा बी म्हणजे एम२१ प्रकारचा गिअर रेशो (ए असला तर एम२०, सी असला तर एम२२). यात जूनपासून महिन्यांची अक्षरं वेगळी आहेत, जूनला एच, जुलैला के, पण मार्चला सी च. मागं बारा बोल्टचा अ‍ॅक्सल आणि पुढं डिस्क ब्रेक हवेतच, झेड/२८ बरोबर ते यायचेच.

गिअरबॉक्सवर या गाडीचा नंबर निघाला आणि छुपे नंबर जुळले तर इंजिन गेलेली पण खरी झेड/२८ म्हणून भाव करायचा. ऑइल पॅन उतरवू देत असतील तर क्रँकही बघा, स्ट्रोक ३.४८ इंच भरला तर आत सरळ ३५० आहे, मग डीझेडचा एक डॉलरही धरायचा नाही.