हंगाम सरल्यावरची दक्षिण इटली: आपले अनुभव लिहावेत

आडवाट:
काल एका स्नेह्यांनी अल्बेरोबेल्लोची ऑगस्टमधील छायाचित्रे पाठवली. रिओने मोंती या भागातली चढणीची गल्ली माणसांनी अशी भरली होती की त्रुल्ली, म्हणजे तिथली शंकूच्या छपरांची दगडी घरे, केवळ शेंड्यांपुरती दिसत होती. हीच गल्ली आम्ही उभयतांनी काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या मध्यात पाहिली, तेव्हा तिच्यात आमच्याखेरीज एक मांजर, टपाल वाटणारी एक बाई आणि छपरावर बसून काम करणारा एक गवंडी एवढेच होते.

त्या गवंड्यामुळे मला ती घरे कळली. तो छपरावरच्या चुनखडीच्या पातळ चिपा एकेक करून उतरवत होता, फुटक्या बाजूला टाकत होता आणि उरलेल्या पुन्हा एकीवर एक सरकवून बसवत होता. चुना, माती, सिमेंट यांतले काहीही जवळ नव्हते. कॉन्व्हेर्सानोच्या सरदारांनी आपल्या रयतेला घरे अशी कोरडी रचायला लावली, कारण नव्या वस्तीवर नेपल्सच्या राजाला कर द्यावा लागे आणि तपासणीला माणूस येणार अशी कुणकुण लागताच छपरे उतरवून वस्ती नाहीशी करता येई, अशी हकीकत तिथे सांगतात. अखेर 1797 मध्ये राजाने हे गाव सरदारांच्या ताब्यातून सोडवले. ही माहिती आम्ही आधी वाचली होती, पण दगड खरोखरच हातांनी निघताना पाहिल्यावर तिच्यावर विश्वास बसला. उन्हाळ्यात त्या छपराखाली स्मरणवस्तूंचे दुकान चालू असते आणि डागडुजी कोणी काढत नाही.

बंद दारेही पुष्कळ भेटली. खानावळींवर सुटीचे कागद लावलेले होते, बसगाड्या मोजक्याच होत्या, आणि आम्ही ज्या त्रुल्लोत राहिलो त्याची हातभर जाड भिंत उन्हाळ्यात जसा गारवा जपत असेल तसाच तिने आमच्यासाठी गारठा जपून ठेवला होता. तरीही या गावांना जायचे तर नोव्हेंबर ते मार्चमध्येच जावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्यापैकी कोणी पुलिया, बासिलिकाता, कालाब्रिया या भागांत आडहंगामात फिरले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

निरगुडी:
मातेराबद्दल मी लिहिते. आम्ही पोहोचलो त्या रात्री बर्फ पडले. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचावर असल्यामुळे तिथे हे अधूनमधून घडते, पण सास्सी या गुहावस्तीच्या गुळगुळीत झिजलेल्या पायऱ्यांवर बर्फ म्हणजे काय, हे सामान घेऊन उतरल्याशिवाय समजत नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वरच्या सपाट शहरात राहावे.

दुसऱ्या दिवशी खडकात कोरलेल्या एका चर्चमध्ये तिकीट देणारे वयस्क गृहस्थ एकटेच हीटरपाशी बसले होते. गर्दी नसल्याने ते आमच्याबरोबर आतपर्यंत आले आणि सहज म्हणाले की समोरच्या ओळीतल्या एका गुहेत त्यांचा जन्म झाला. मग त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही ध्वनिमुद्रित माहितीत नाही: एकाच खोलीत आईवडील, भावंडे, खेचर आणि कोंबड्या, जनावराच्या अंगाची ऊब हीच थंडीतली शेगडी, आणि नव्या वसाहतीत गेल्यावर आईला नळाचे कौतुक वाटले तरी शेजारणी दूर पांगल्याचे दुःख शेवटपर्यंत राहिले. 1952 च्या कायद्याने सरकारने तिथल्या सुमारे 15,000 लोकांना बाहेर हलवले. त्या काळी देशाची लाज म्हणून गणली गेलेली ही वस्ती 1993 मध्ये जागतिक वारसा ठरली आणि 2019 मध्ये शहराला युरोपची सांस्कृतिक राजधानी होण्याचा मान मिळाला. त्याच गुहांत आता महागडी निवासस्थाने आहेत. गृहस्थ त्याबद्दल कडवटपणे बोलले नाहीत. एवढेच म्हणाले की तिथले एका रात्रीचे भाडे ऐकून आईने हात जोडले असते.

मुख्य चौकाखालचे पालोम्बारो लुंगो हे प्रचंड टाके चुकवू नये. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी साठवण्यासाठी खडकात कोरलेले हे टाके विस्मरणात गेले होते. ते 1991 मध्ये पुन्हा उजेडात आले. आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही आणि वाटाड्या एवढेच होतो, त्यामुळे त्याने आवाज देऊन घुमणारा प्रतिध्वनी मुद्दाम ऐकवला.

रेल्वेवेडा:
मातेराला मुख्य लोहमार्ग पोहोचत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. बारीहून 950 मिलिमीटर रुंदीच्या अरुंद मार्गावरची गाडी जाते, पण मी गेलो तेव्हा ती रविवारी धावत नव्हती. त्या दिवशी बसने जावे लागे. हिवाळ्यात त्या गाडीत पर्यटक जवळपास नसतात, शाळकरी मुले मात्र भरपूर असतात, आणि दुपारच्या गाडीत त्यांचा कल्लोळ ऐकत जाण्यासारखी करमणूक नाही.

माझा मुख्य मार्ग मात्र कालाब्रियाचा होता. व्हिल्ला सान जोव्हान्नी येथे आगगाडीचे डबे सुटे करून बोटीच्या पोटात चढवतात आणि सामुद्रधुनी ओलांडून सिसिलीतल्या मेस्सीनाला पुन्हा जोडतात. मी या सोहळ्यासाठी दोनदा पलीकडे जाऊन आलो, याबद्दल घरी अद्याप ऐकून घेतो आहे.

तिथून जवळच्या शिल्ला गावाचा किआनालेआ हा कोळीवाडा पाण्याला इतका खेटून आहे की वादळी दिवसांत लाटांचे तुषार घरांच्या दारांवर येतात. उन्हाळ्यात जिथे टेबले मांडतात तिथे फेब्रुवारीत बोटी उलट्या घालून रंगवणे चालले होते. रेज्जो शहराच्या संग्रहालयातील रिआचेचे दोन कांस्ययोद्धे, म्हणजे योद्ध्यांचे प्राचीन ग्रीक पुतळे, 1972 मध्ये समुद्राच्या तळाशी सापडले. त्यांच्या दालनात जाण्यापूर्वी हवा गाळणाऱ्या खोलीत थोडा वेळ थांबवतात आणि मग मोजक्याच लोकांना ठरावीक वेळापुरते आत सोडतात. माझ्या वेळी मोजायला मी एकटाच होतो. रक्षकाने घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पाठ फिरवली. दुसऱ्या योद्ध्याच्या मागे उभे राहून त्याच्या पाठीचा कणा पाहण्यात माझा किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

कंदील:
वरील सर्व वाचून माझ्यासारख्याने लिहावे की नाही असा प्रश्न पडला, पण धाग्यात दुसरी बाजूही असावी. आम्ही फेब्रुवारीत आमाल्फीच्या किनाऱ्यावर गेलो आणि मला हा हंगाम मुळीच आवडला नाही. बोटींची ये-जा बंद होती, पोझितानोतील बहुसंख्य उपाहारगृहे कुलपात होती, आणि ज्या घरात राहिलो तिथल्या मालकांनी ताप-यंत्रणा सकाळी थोडा वेळ आणि रात्री थोडा वेळ एवढीच चालवली. पाऊस सतत होता. कड्यावरच्या त्या अरुंद रस्त्यावर पावसात दगड येतात म्हणून बस मध्येच थांबून राहिली. लिंबांच्या बागा पाहायच्या होत्या, तर थंडी आणि गारांपासून जपण्यासाठी त्यांवर काळ्या जाळ्या ओढलेल्या होत्या. सौंदर्य हे कोरडे मोजे असताना पाहण्याची गोष्ट आहे.

पेस्तुमला मात्र पैसे वसूल झाले. तीन ग्रीक मंदिरे, भोवती ओले गवत आणि आम्ही. महिन्याचा पहिला रविवार असल्याने सरकारी स्थळांना प्रवेश विनामूल्य होता. संग्रहालयात इसवी सनापूर्वी साधारण 470 च्या सुमाराच्या थडग्याच्या झाकणावर एक तरुण पाण्यात सूर मारतानाचे चित्र आहे; त्याच्यासमोरचा बाक रिकामा असणे हे मी आडहंगामाच्या खात्यावर जमा करतो.

आडवाट:
कंदील, आपला आक्षेप रास्त आहे. आमाल्फीचा किनारा हा प्रवाशांवर जगतो, म्हणून प्रवासी गेले की तो मिटतो. आतल्या भागातली गावे शेतीवर, शाळेवर, बाजारावर चालतात आणि तिथे भाजीवाला जानेवारीतही गाडी लावतो. हा भेद मी आधीच लिहायला हवा होता असे आपण म्हणाल, तर आता लिहिला.

सोलकढी:
शाकाहारी मंडळी विचारतीलच, म्हणून आधीच सांगते. पुलियात हिवाळ्यात वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचे घट्ट वरण आणि त्याबरोबर कडसर चिकोरीची शिजवलेली भाजी मिळते, वरून कच्चे ऑलिव्ह तेल. पोट भरते आणि त्यात मांस-मासे नसतात. कानाच्या आकाराचा पास्ता आणि सलगमाच्या कोवळ्या पाल्याची भाजी ही जोडी मात्र विचारून घ्यावी, कारण तिच्यात बऱ्याचदा खारवलेला मासा विरघळवलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बासिलिकातात सेनीझे गावच्या गोडसर लाल मिरच्या माळा करून वाळवतात आणि क्षणभर तेलात सोडून कुरकुरीत काढतात. त्या पास्त्यावर चुरून घालतात.

नोव्हेंबरमध्ये गेल्यास तेलाचा घाणा अवश्य पाहावा. कोरातिना जातीच्या फळांचे ताजे तेल हिरवे, कडू आणि घशाला झोंबणारे असते. घाण्यावरच्या काकूंनी पावावर ओतून दिले, मला ठसका लागला आणि त्या प्रसन्न झाल्या. ठसका हीच तेलाच्या कसाची पावती, असे त्यांचे म्हणणे होते.

चिंचपाणी:
सोलकढीताई, चीजमध्ये वासराच्या पोटातला घटक वापरतात, असे ऐकले आहे. कडक शाकाहारी सासूबाईंना घेऊन जायचे असल्यास काय करावे?

सोलकढी:
पारंपरिक चीज बहुतेक तशीच असतात, म्हणून सासूबाईंसाठी वरचे वरण, भाज्या, सढळ टोमॅटो घातलेला बारीचा फोकाच्चा हा चपटा पाव आणि तारल्ली ही कडक गोल बिस्किटे धरून चालावे. पिझ्झा चीज न घालता सांगितल्यास तिथे कोणी भुवया उंचावत नाही, तोही एक जुना प्रकारच आहे.

बांधावरचा:
मी द्राक्ष बागायतदार आहे आणि खाण्याच्या द्राक्षांचे मांडव पाहण्यासाठी आमच्या भागातील काही जणांबरोबर डिसेंबरमध्ये बारीजवळच्या नोइकात्तारो आणि रुतिल्यानो या गावांकडे गेलो होतो. इटलीत खाण्याच्या द्राक्षांचे सर्वांत मोठे उत्पादन पुलियातच होते. वरून प्लास्टिक ओढून हंगाम पुढे-मागे करण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे, आणि छाटणीच्या दिवसांत शेतकऱ्याला बोलायला वेळ असतो, जो काढणीच्या वेळी कोणालाच नसतो.

त्यानंतर लेच्चेहून गाल्लीपोलीकडे गाडीने गेलो आणि सगळेच गप्प झालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऑलिव्हची शतकांची झाडे वठून करडी झाली होती. झायलेला नावाचा जिवाणू 2013 मध्ये गाल्लीपोलीच्या परिसरात आढळला. रस शोषणारा एक लहान कीटक तो झाडाझाडांवर नेतो, झाडाच्या पाणीवाहिन्या बुजतात आणि झाड उभ्याउभ्या सुकते. लक्षावधी झाडे गेली. आता लेच्चिनो आणि फाव्होलोझा या तग धरणाऱ्या जाती लावत आहेत. एका शेतकऱ्याने आजोबांच्या झाडाशेजारी लावलेले गुडघाभर रोप दाखवले आणि विचारले की तुमच्याकडे बाग गेली की सरकार काय देते. आम्ही जे उत्तर दिले ते ऐकून तो हसला, म्हणजे दोन्हीकडचा अनुभव सारखाच असावा.

छाटणीच्या काड्यांचे पुढे काय होते, तेही सांगतो. लेच्चेजवळच्या नोव्होली गावी 16 जानेवारीला, संत आंतोनिओच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, द्राक्षवेलींच्या काड्यांच्या मोळ्या रचून साधारण 25 मीटरपर्यंत उंच ढीग करतात आणि पेटवतात. आम्ही परतून आलो होतो. पुढच्या खेपेस तारखा तशाच धरणार आहोत.

तळकोकणी:
वरचे बहुतेक प्रतिसाद या शांततेवर खूश आहेत, म्हणून थोडे वेगळे लिहितो. बासिलिकातातल्या ज्या डोंगरी गावांत मी राहिलो तिथली शांतता हंगामाची नव्हती. ती माणसे निघून गेल्याची होती. घरांना कुलपे, बारमध्ये पत्ते खेळणारे सगळे सत्तरीच्या पुढचे, आणि तरुण मुले मिलानला, तुरिनला किंवा जर्मनीत. 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुटीत ती परत येतात, दोन आठवडे गाव गजबजते आणि मग पुन्हा कुलपे लागतात. माझ्या गावी गणपतीत चाकरमानी येतात आणि विसर्जनानंतर वाडीत पाच म्हातारी माणसे उरतात, त्यामुळे मला तिथे कोणी काही समजावून सांगावे लागले नाही.

क्राको हे त्याचे टोक. 1963 च्या भूस्खलनानंतर तिथल्या लोकांना खालच्या दरीत हलवण्यात आले आणि वरचे गाव ओसाड उभे आहे. तिथे हेल्मेट घालून वाटाड्यासोबत जाता येते. सोबतचे काही जण 'किती छान, कोणीच नाही' असे म्हणत छायाचित्रे काढत होते. मला ते ऐकवले नाही.

निरगुडी:
तळकोकणी, पटले. पण जो प्रवासी नोव्हेंबरात तिथे राहतो, पाव घेतो, बारमध्ये कॉफी पितो, त्याने त्या गावाचे काही बिघडते असे मला वाटत नाही. मालकीणबाईंनी मला सांगितले की थंडीत एक खोली जरी लागली तरी दिवसभर कोणाशी तरी बोलणे होते.

तळकोकणी:
जाऊ नये असे मी म्हटलेले नाही. रिकाम्या गल्लीचे कौतुक करताना ती का रिकामी आहे ते विचारावे, एवढेच.

सातारी:
आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि सप्टेंबर 1943 मध्ये 8 व्या भारतीय डिव्हिजनबरोबर तारांतो बंदरात उतरले. घरात एवढीच माहिती होती, म्हणून तारांतोपासून उत्तरेकडे आब्रुत्सोपर्यंत हिवाळ्यातच गेलो, कारण ते लढले तोही नोव्हेंबरच होता. त्या महिन्यात सांग्रो नदीला पूर होता आणि चिखलाने दोन्ही सैन्यांचे हाल झाले, हे पुस्तकात वाचले होते. बुटाला चिकटलेला तो चिखल पाहून उरलेले समजले. तोरिनो दी सांग्रोजवळच्या टेकडीवर युद्धस्मशान आहे आणि ज्या भारतीय सैनिकांचे दहन झाले अशा 500 हून अधिक जणांची नावे तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यांत मराठी आडनावे वाचत उभा होतो. हिरवळ कापणाऱ्या माळ्याने यंत्र बंद केले आणि माझे वाचून होईपर्यंत ते पुन्हा चालू केले नाही. आजोबा परत आले होते. पण या यादीतली काही नावे त्यांच्या ओळखीची असणार.

आडवाट:
सातारी, नावांची छायाचित्रे घेतली असल्यास कृपया इथे द्यावीत. माणगाव आणि वाई भागातील काही वाचक त्यांत आपले नाव शोधतील.

चिंचपाणी:
सर्वांचे आभार. आमचे नोव्हेंबरचे निश्चित होत आहे. लेच्चे आणि ओत्रांतो एका दिवसात होईल का?

रेल्वेवेडा:
होईल, पण डिसेंबरच्या आसपास तिथे सूर्य साडेचारच्या आत मावळतो, म्हणून ओत्रांतो सकाळी घ्यावे. तिथल्या कॅथेड्रलची 1163 ते 1165 या काळातली संपूर्ण फरशी रंगीत दगडांच्या तुकड्यांची आहे. तिच्यावरचा अवाढव्य वृक्ष दोन हत्तींच्या पाठीवर उभा आहे. सासूबाईंना ते आवडेल. दुपारी चर्च आणि दुकाने बंद होतात, तेव्हा तो वेळ प्रवासात घालवावा. बसचे तिकीट तंबाखूच्या दुकानात आधीच घ्यावे आणि परतीचेही त्याच वेळी घ्यावे, कारण ते दुकानसुद्धा दुपारी बंद होते.