मदत हवी आहे: युगांडात क्वार्टरमागच्या उसात चिंपांझी येतात, लहान मुलांना आणावं का?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा जुन्नर तालुक्यातला, साखर कारखान्यात केमिस्ट. सध्या युगांडाच्या पश्चिमेला, मासिंदी-होइमा भागातल्या एका कारखान्यावर आहे. इथे आपली मराठी माणसं बरीच आहेत, कुणी पॅनवर, कुणी बॉयलरला, कुणी शेतकी खात्यात. जूनमध्ये बायको आणि मुलं (मुलगा ७ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची) इकडे राहायला येणार आहेत. शाळा, दवाखाना, किराणा, सगळ्याची चौकशी झाली. गाडी अडली आहे ती एकाच गोष्टीवर. क्वार्टरच्या मागे उसाचा फड, फडापलीकडे ओढ्याकाठची झाडी, आणि त्या झाडीतून चिंपांझी येतात.

इकडची माहिती नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. एका अंगाला बुडोंगोचं मोठं जंगल, दुसरीकडे बुगोमाचं. मधल्या सगळ्या खोऱ्यांत पूर्वी झाडी होती. तंबाखू, भात, मका आणि आता ऊस करता करता ती तुटली, ओढ्यालगतचे तुकडे तेवढे राहिले. त्या तुकड्यांत सुमारे ३०० चिंपांझी जगतात. अख्ख्या युगांडात मिळून ५,००० च्या आसपास. रानातली फळं कमी झाली तसे ते फणस, आंबा, केळी, पपई आणि उसावर आले. त्यांच्यावर राग धरून मी हे लिहीत नाही. ज्या उसावर माझं घर चालतं त्याच उसापायी त्यांचं रान गेलं, हे मला कामावर जाता-येता दिसतं. पण चार वर्षांच्या मुलीला घेऊन इथे राहायचं, तर डोळे उघडे ठेवूनच राहायला हवं.

मागे एकदा ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, बघायला नमुन्याचा ऊस आणायचा होता म्हणून फडावर गेलो होतो. सोबत अस्कारी, म्हणजे इकडचा राखणदार. बांधाच्या वळणावर त्याने हात आडवा धरून मला थांबवलं. वीस-पंचवीस पावलांवर एक मोठा नर बसलेला. त्याचा उजवा पंजा मनगटापासून वाळलेला होता. रानडुकरांसाठी लोक तारेचे फास लावतात, त्यात अडकून इथल्या कितीतरी चिंपांझींचे हात-पाय असे गेलेत. तर हा गडी डाव्या हाताने एकेक ऊस वाकवून बघत होता. दोन सोडले, तिसरा मोडला. मग ऊस पायाच्या बोटांत धरला, दातांनी साल उभी सोलली, पेर चघळलं आणि चोथा बाजूला थुंकला. तो गेल्यावर मी त्याच्या उसाचं राहिलेलं बूड आणि त्याने सोडलेले ऊस, दोन्हींवर रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) लावून पाहिला. त्याने मोडलेला जास्त पिकलेला होता.

पण मला खरी धडकी भरली ती दुसऱ्याच गोष्टीने. खाताना तो मधूनमधून वर बघायचा, आणि माझ्याकडे नाही, अस्कारीच्या हातातल्या काठीकडे बघायचा. अस्कारी म्हणाला, मी जेवायला गेलो की हे येतात, माझ्या जागी नवा पोरगा असला की आणखी पुढे येतात, आणि एकट्या बाईला तर जुमानतच नाहीत. एरवी झाडीतून त्यांचा केवढा गलका ऐकू येतो! फडात शिरताना मात्र चिडीचूप.

मी बिबट्याच्या मुलखात वाढलोय. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या लोकांना नियम पाठ असतात. अंधार पडल्यावर एकट्याने परसाकडे जायचं नाही, उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही, पोरांना मधे घेऊन चालायचं, हातात बॅटरी आणि मोबाइलवर गाणी लावलेली. वाघरू माणसाला टाळतं, फसगत होते ती अंधारात आणि ठेंगण्या आकृतीपाशी. हे नियम इथे लागू पडतील असं मी धरून चाललो होतो. पण हे जनावर दिवसा येतं, टोळीने येतं, आणि आपण काय केलं की काय होतं हे लक्षात ठेवतं. युगांडातल्याच किबालेच्या जंगलात सेबिटोली भागात तर कॅमेऱ्यांत दिसलं की दिवसा वावरणारे हे प्राणी मक्याच्या शेतात चक्क रात्री जातात, कारण तेव्हा राखण नसते. दिव्याला आणि आवाजाला ते किती दिवस भितील?

२०१४ मध्ये इथल्याच पश्चिम युगांडातल्या क्यामाजाका गावात आई शेतात काम करत असताना चिंपांझीने तिच्या लहान मुलाला उचलून नेलं, मूल वाचलं नाही. नंतरही ते त्या घराशी यायचे, खिडकीच्या काचेत डोकावायचे. शेवटी त्या कुटुंबाने घर सोडलं. टांझानियात गोंबेला २००२ मध्ये फ्रोडो नावाच्या नराने १४ महिन्यांच्या बाळाला मारलं. तिथे तर १९६० पासून जेन गुडाल यांचं काम चाललेलं, म्हणजे ज्यांना माणसाची सर्वांत जास्त ओळख असे ते प्राणी. आणि २०२४ मध्ये गिनीतल्या बोसू गावात तसंच घडलं. बोसूचे चिंपांझी दगडाचा हातोडा-ऐरण करून ताडाच्या बिया फोडतात, शिकाऱ्यांचे फास ओळखून निकामी करतात, रस्ता ओलांडताना मोठे नर पुढे-मागे आणि माद्या-पिल्लं मधे अशी रांग धरतात. एवढी समज, आणि तरी माणसाचं पोर त्यांना भक्ष्य वाटावं, याचा मला उलगडा होत नाही.

तर मला विचारायचंय ते असं. ज्यांनी आफ्रिकेत चिंपांझींच्या शेजारी मुलांसह दिवस काढलेत, त्यांनी घराला नेमकं काय केलं? आमच्या क्वार्टरला मागे मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत, आवारात फणसाचं एक आणि पपईची चार झाडं आहेत. ती तोडू का? कुत्रा पाळला तर उपयोग होतो की उलट चिडतात? आणि चार वर्षांच्या मुलीला न घाबरवता काय शिकवायचं? ‘आणूच नका’ असं कुणाचं मत असेल तर तेही स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही.

– ऊसकरी

---

जंगलवाट:

ऊसकरी, मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, वानरकुळावर काम करते. तुमच्या उलगडा न होणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते. चिंपांझी मांसही खातात. तांबडी कोलोबस माकडं ते टोळीने घेरतात, एक हाकतो, बाकीचे वाटा अडवतात. आपलं रांगतं मूल आकाराने त्या माकडाएवढं. शिवाय नर स्वतःच्या जातीतही निर्दय असतात. २०१४ मध्ये १८ टोळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा चिंपांझीने चिंपांझीला मारल्याच्या १५२ घटना निघाल्या, काही प्रत्यक्ष पाहिलेल्या, काही अनुमानाने धरलेल्या. हुशारी आणि हिंसा त्यांच्यात हातात हात घालून येतात. एकत्र बेत करण्याची अक्कल नसती तर अशी शिकार जमलीच नसती.

पाचपट-दसपट ताकदीच्या गोष्टींवर जाऊ नका. २०१७ च्या अभ्यासात चिंपांझीचा स्नायू माणसाच्या स्नायूच्या साधारण १.३५ पट जोर देतो असं निघालं. पण सुळे, पकड आणि चेहऱ्यावर-बोटांवर धरण्याची सवय, यामुळे मोठा माणूसही टिकत नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये २००९ साली ट्रॅव्हिस नावाच्या पाळीव चिंपांझीने मालकिणीच्या ओळखीच्या बाईंचा चेहरा आणि हात ओरबाडून काढले. तो बाळपणापासून माणसांत, कपडे घालून वाढला होता. म्हणून मुलांना पहिल्यापासून एकच सांगा: तो आपला मित्र नाही, खेळणं नाही, त्याला खाऊ द्यायचा नाही. एकदा हातातलं अन्न मिळालं की मुलाच्या हातातली पिशवीही त्याला आपली वाटते.

काचेचं काम सगळ्यांत आधी करा. काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब म्हणजे आपल्या हद्दीत घुसलेला परका नर, असं समजून ते त्यावर चाल करतात. आतून पडदा लावून भागत नाही, काच बाहेरून चमकतेच. बाहेरून लाकडी झडपा किंवा जाळी बसवा.

दगड मारू नका, मुलांना तर मारू देऊच नका. स्वीडनच्या फुरुविक प्राणिसंग्रहालयात सान्तिनो नावाचा नर लोक यायच्या आधी शांतपणे दगडांचे ढीग करून ठेवायचा आणि गर्दी झाली की फेकायचा. आज मारलेला दगड तो उद्यासाठी ध्यानात ठेवील. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, मुलाला उचलून कडेवर घ्यायचं आणि एकेक पाऊल मागे सरत दार गाठायचं.

आणि एक गोष्ट उलट्या बाजूची. मुलांना सर्दी-खोकला असेल तर त्या झाडीच्या कडेला फिरकू देऊ नका. किबालेत कान्यावारा टोळीत २०१३ मध्ये माणसाच्या सर्दीच्या विषाणूने ५६ पैकी ५ चिंपांझी दगावले.

---

जिंजाची_मुक्ता:

दादा, आमची दोन्ही मुलं युगांडातल्याच जिंजा शहरात लहानाची मोठी झाली. तिथे चिंपांझी नाहीत, पण माझी बहीण होइमाकडे होती म्हणून तिच्याकडचं सांगते. फणस तोडू नका म्हणणारे भेटतील. तुम्ही तोडा. निदान फळं कोवळी असतानाच उतरवून भाजीला वापरा, झाडावर एकही पिकू देऊ नका. पिकल्या फणसाचा वास लांबवर जातो. पपईचंही तेच. ओला कचरा उघड्यावर टाकायचा नाही, केळीची सालंसुद्धा झाकणाच्या डब्यात.

तिच्याकडे कुत्रा होता. तो भुंकून वर्दी द्यायचा एवढंच, पण अंगावर धावून गेला की चिंपांझी चवताळायचे. बांधलेला असेल तर ठेवा.

मुलांची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर हवी. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. बहिणीने आयाला सांगून ठेवलं होतं की स्वयंपाक करपला तरी चालेल, मुलगी अंगणात असताना आत जायचं नाही. तिथल्या बायाबापड्यांची मुलं ओढ्यावर पाणी भरायला जातात, तिथेच बहुतेक गाठ पडते. गावाजवळ हातपंप झाला की ही वाट बंद होते. कारखान्याकडून तेवढं करून घेता आलं तर बघा. तुमच्या मुलीला नळ आहे, त्यांच्या मुलींना नाही.

गावच्या एलसी वन चेअरमनना (इकडचे गावपातळीवरचे प्रमुख) जाऊन भेटा, वन्यजीव खात्याच्या रेंजरचा नंबर दारामागे लावून ठेवा. आणि मुलं आली की एकदा एंटेबीहून होडीने न्गाम्बा बेटावर न्या. अनाथ चिंपांझींना तिथे सांभाळतात, उंच चौथऱ्यावरून बघता येतं. लांबून नीट बघितलेलं पोरांच्या डोक्यात राहतं. माझ्या धाकट्याने तिथे दोन नरांची जुंपलेली पाहिली, नंतर त्याला काही सांगावं लागलं नाही.

---

खेडचा_पाटील:

एवढा त्रास असेल तर तिथल्या वनखात्याने पकडून लांबच्या जंगलात सोडून द्यावेत की. सरळ उपाय आहे.

---

जंगलवाट:

पाटील, जुन्नरला २००० नंतर हाच उपाय केला होता. उसातले बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले, आणि सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात ते नोंदलेलं आहे. चिंपांझीचं याहून अवघड. प्रत्येक जंगलात आधीच्या टोळीची हद्द असते, परका नर दिसला की ते त्याला जिवंत सोडत नाहीत. तुकड्यातली झाडी राखणं आणि पुन्हा लावणं, हाच धरून ठेवण्यासारखा मार्ग आहे. ऊसकरी, तुमच्या शेतकी खात्याने ओढ्याच्या दोन्ही काठांना ऊस न लावता पट्टा सोडला तर टोळीला घराजवळून जावं लागणार नाही. हे काम तुमच्यासारख्या आतल्या माणसाने मांडलं तर ऐकतील.

---

ऊसकरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ताताई, ओढ्यावरच्या मुलींबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून काल संध्याकाळी मजुरांच्या वस्तीवर गेलो. पाण्याला खरंच पाच-सहा वर्षांच्या मुली जातात, फडाच्या कडेकडेने. हातपंपाचा विषय या आठवड्याच्या मीटिंगला घेतोय, सोबत ओढ्याकाठच्या पट्ट्याचाही. शेतकी अधिकारी आपल्या सोलापूरकडचे आहेत, ऐकून घेतील असं वाटतं.

फणस उद्या उतरवतो. बायकोशी बोललो, धागा तिलाही वाचायला दिला. तिचं म्हणणं, आधी तिने एकटीने येऊन घर बघावं, झडपा आणि जाळी बसलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, मगच मुलांचं तिकीट. मला ते पटलं. जून हुकला तरी चालेल.

आता एकच अडलंय. इथल्या बाजारात कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी मिळते, ती चिंपांझी एका झटक्यात फाडील. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेता येईल. ६ मिलिमीटरच्या सळईची चौकट करून आत वेल्डमेश (वेल्ड केलेली चौकोनी तारजाळी) घालावी असा विचार आहे. चौकोन केवढा ठेवावा म्हणजे त्याचा हात आत येणार नाही, आणि घरात उजेड-वाराही राहील? प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्याचं काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, माप आलं की लगेच काम टाकतो.