मदत हवी आहे : भिंत न फोडता जुन्या वायरिंगचे दोष कसे ओळखावेत?

नमस्कार. आम्ही एक जुने घर विकत घेण्याच्या विचारात आहोत. व्यवहार पक्का करण्यापूर्वी परवानाधारक वायरमनला सोबत नेऊन विजेची तपासणी करून घेतली. संपूर्ण वायरिंग नवे आहे असे घरमालक सांगतात आणि वरवर पाहता ते खरेही वाटते, कारण स्विचच्या प्लेटी कोऱ्या आहेत आणि डीबीमध्ये (वीज वाटपाच्या पेटीत) एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास वीज तोडणारा स्विच) व आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) दोन्ही बसवलेले आहेत. मात्र मेन बंद करून तीन-चार बोर्ड उघडले, तेव्हा चित्र वेगळेच निघाले.

झोपण्याच्या खोलीतील बोर्डात लाल वायर नवी होती, परंतु पाइपाच्या तोंडापासून जेमतेम वीतभर आत ती एका काळपट वायरला पिळून, वर टेप गुंडाळून जोडलेली आढळली. टेप सोडवताना जुन्या वायरचे इन्सुलेशन पापुद्र्यांसारखे सुटून हातात आले. वायरमनने वायर हलकेच ओढून पाहिली, पण ती तसूभरही सरकली नाही. एका पाइपात नको तितक्या वायरी कोंबल्या आहेत, पाइप आत कुठे चेपला आहे, की मुळात पाइप न टाकताच वायर प्लास्टरखाली पुरली आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

स्वयंपाकघरातील सॉकेटने तर आम्हाला चकवलेच. तीन दिव्यांच्या प्लग-टेस्टरने अर्थिंग व्यवस्थित असल्याचे दाखवले होते. प्लेट काढल्यावर दिसले, की अर्थच्या टर्मिनलला हिरवी वायर नसून न्यूट्रलवरूनच बोटभर तुकडा आणून जोडला आहे. असा जोड टेस्टरला ओळखता येत नाही. मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर उपकरणाच्या धातूच्या अंगात थेट वीज उतरेल. शिवाय गळतीचा प्रवाह न्यूट्रलमार्गेच परतत असल्याने आरसीसीबीही पडणार नाही, मग त्याचे टेस्ट बटण दाबल्यावर तो कितीही तत्परतेने पडत असो.

गीझरच्या सॉकेटपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची वायर आहे आणि तिच्यावर 32 अँपिअरचा एमसीबी. एवढा मोठा एमसीबी पडण्याआधी वायरच तापून वितळेल, हे माझ्यासारख्या सामान्य माणसालाही समजते. (त्या सॉकेटची एक बाजू तपकिरी पडली होती आणि प्लेट मात्र नवी होती.)

माझे प्रश्न असे आहेत. प्रत्येक सर्किट वेगळे करून, उपकरणे काढून, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशनची तपासणी करावी, असे वायरमन सुचवतो. रीडिंग किमान 1 मेगाओहम हवे हे मला ठाऊक आहे, पण टेप लावलेला कोरडा जोड त्या चाचणीत उत्तीर्ण होऊन पावसाळ्यात भिंत ओलावल्यावर दगा देऊ शकतो का? न्यूट्रल-अर्थचे असे जोड शोधण्यासाठी डीबीतील न्यूट्रल सोडवून दोहोंमधील कंटिन्युइटी (अखंड जोडणी आहे का ते) पाहणे पुरेसे आहे, की प्रत्येक सॉकेट उघडावेच लागेल? आणि सर्वांत महत्त्वाचे, वायर पाइपात सरकत नसेल तर जुन्या पाइपांचा नाद सोडून भिंतीवरून केसिंग-कॅपिंगने (झाकण असलेल्या पट्ट्यांतून) नवे वायरिंग करणे योग्य, की आणखी काही तपासून मगच निर्णय घ्यावा?

ज्यांनी जुन्या घराचे वायरिंग स्वतः उभे राहून बदलून घेतले आहे किंवा जे या व्यवसायात आहेत, त्यांनी कृपया सांगावे. बोर्डांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. कोणत्या जोडाचे हवे ते सांगितल्यास येथे देतो.