सीवूड्सला फ्लेमिंगो कधी दिसतात, कधी नाही: असं का?

नेरुळकर_नवा
आईबाबा फेब्रुवारीत गावाहून येताहेत. इथे नवी मुंबईत नुसत्या इमारती, असं त्यांचं मत. सीवूड्सच्या डीपीएस तलावावर कधी हजारो फ्लेमिंगो, कधी एकही नाही. नेमकं कधी न्यावं? जवळपास पायी बघण्यासारखं आणखी काय?

खाडीकाठ
सगळं भरतीवर आहे. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे पांगून चरतात. चिखल बुडाला की ते तलावाच्या उथळ पाण्यात येतात. म्हणून आधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ: एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, शुद्ध असो वा वद्य. पाणी खाडीत आत चढेपर्यंत थोडा उशीर होतो, तो धरून चला. माझ्या मते त्रयोदशीची सकाळ सर्वांत चांगली, कारण उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, जवळ आलेलं असतं. अष्टमी टाळा. भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीत चिखल पुरता बुडत नाही, मग पक्षी खाडीतच राहतात.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. चोच बघा: मोठ्या रोहितची (रोहित म्हणजे फ्लेमिंगो) फिकट गुलाबी, फक्त टोक काळं, छोट्याची जवळजवळ सगळीच गडद. चरताना मान खाली घालून चोच उलटी धरतात, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतात आणि चोचीच्या कडेच्या जाळीत शेवाळ अडकतं. गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. उडवण्यासाठी टाळ्या कृपया वाजवू नका.

बेलापूर_आठ
आर्टिस्ट व्हिलेज ही घरांची वसाहत दाखवा, बेलापूर सेक्टर ८. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची ऐंशीच्या दशकातली रचना. सात घरांमध्ये साधारण ८ मीटरचा चौक, असे तीन गट मिळून २१ घरांना १२ मीटरचं मोकळं अंगण. दोन घरांत सामाईक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न दुखवता ज्याला त्याला घर वाढवता आलं. आज बरीच घरं बदललीत. मूळ उतरती छपरं शोधत बसलात तर हिरमोड होईल. चौकाचौकांतून चाला, बाहेरून आत येताना जागा कशी लहान आणि घरगुती होत जाते ते कळेल. लोक राहतात तिथे, फोटो विचारूनच.

खाडीकाठ
बोट हवी असेल तर ऐरोलीचं जैवविविधता केंद्र. बोटीला पाणी लागतं, म्हणून वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. आधी बुकिंग करा. निवड असेल तर भरती पुरती भरण्याआधीची फेरी घ्या, तेव्हा चिखलाची अरुंद पट्टी उरते आणि थवे त्यावर दाटीने उभे असतात.